घर जळू द्या, असे कोण म्हणाले?

६ फेब्रुवारी १९११ रोजी ब्रिटिश संसदेत राजाच्या भाषणावर चर्चा चालू होती. विरोधी पक्षनेते आर्थर बाल्फोर बोलायला उठले आणि त्यांनी महिन्यापूर्वीच्या एका प्रसंगाचा विषय काढला. त्यांच्या बोलण्याचा आशय हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या अधिकृत इतिवृत्तात, असा सापडतो: त्या दिवशी गोळीबाराच्या टप्प्यात दोन माणसे आपले मोलाचे जीव धोक्यात घालून उभी होती, एक छायाचित्रकार आणि दुसरे गृहमंत्री. छायाचित्रकार तिथे काय करत होता ते समजते. गृहमंत्री काय करत होते ते तेव्हाही समजले नाही आणि अजूनही समजत नाही.

हे गृहमंत्री म्हणजे विन्स्टन चर्चिल. वय ३६. प्रसंग लंडनच्या पूर्व भागातल्या सिडने स्ट्रीटवरील पोलिसी वेढ्याचा, तारीख ३ जानेवारी १९११. बाल्फोर यांचा टोला इतका वर्मी बसला की पुढच्या काळात या प्रसंगाची आठवण निघाली की ते छायाचित्र आणि तो टोला, एवढेच समोर येत राहिले. डोक्यावर उंच रेशमी टोपी, अंगावर लोकरी कॉलरचा भारी कोट, बंदूकधारी सैनिकांच्या आणि पोलिसांच्या गर्दीत कोपऱ्यावरून पुढे डोकावणारा मंत्री.

माझ्या मते बाल्फोर यांच्या प्रश्नाने या प्रसंगाच्या अभ्यासाचे थोडे नुकसानच केले. चर्चिल तिथे का गेले, हा स्वभावाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी स्वतःही पुढे ते देऊन टाकले. खरा प्रश्न आहे, तिथे गेल्यावर त्यांनी काय केले? कोणता हुकूम दिला, कोणाला दिला, आणि तो देण्याचा अधिकार त्यांना होता का? हे ठरवायला खुद्द चर्चिल यांचे चार दस्तऐवज हाताशी आहेत. पहिला, त्याच दिवशी पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांना लिहिलेले पत्र. दुसरा, थोड्याच दिवसांनी ‘द टाइम्स’ला पाठवलेला खुलासा. तिसरा, कॉरोनरपुढच्या, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढच्या, चौकशीत दिलेली साक्ष. चौथा, १९३२ साली ‘थॉट्स अँड अ‍ॅडव्हेंचर्स’ या लेखसंग्रहात आलेला या प्रसंगावरचा लेख. चारही एकाच माणसाचे आहेत. बऱ्याच गोष्टींत ते जुळतात; एका जागी मात्र जुळत नाहीत. ती जागा म्हणजे आग.

तिथपर्यंत पोहोचण्यासाठी अडीच आठवडे मागे जावे लागते. १६ डिसेंबर १९१०, शुक्रवारची रात्र. लंडनच्या मूळ शहरभागात, हाउंड्सडिच रस्त्यावर ११९ क्रमांकाला एका जवाहिऱ्याचे दुकान होते. त्याच्या पाठीमागे एक्स्चेंज बिल्डिंग्ज नावाची बंद गल्ली. गल्लीतली घरे भाड्याने घेऊन काही माणसे मागच्या भिंतीला भोक पाडत होती. ठोकाठोकीचा आवाज शेजाऱ्याने ऐकला आणि पोलिसांना कळवले. आलेले पोलीस शहर पोलीस दलाचे होते आणि ब्रिटिश रिवाजाप्रमाणे निःशस्त्र. आतल्या माणसांकडे पिस्तुले होती. सार्जंट रॉबर्ट बेंटली, सार्जंट चार्ल्स टकर आणि कॉन्स्टेबल वॉल्टर चोट असे तिघे मारले गेले, दोघे जखमी झाले. चोट यांनी टोळीतल्या एकाला, गार्डस्टाइनला, गोळ्या खाऊनही सोडले नाही. त्या झटापटीत गार्डस्टाइनला त्याच्याच साथीदाराची गोळी लागली आणि सकाळपर्यंत तो एका भाड्याच्या खोलीत मेला. शांततेच्या काळात एकाच घटनेत तीन पोलीस मारले जाणे ब्रिटनने क्वचितच पाहिले होते. सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये शोकप्रार्थना झाली, तिला गृहमंत्री चर्चिल हजर होते.

टोळीतले बहुतेक लोक लॅटव्हियातून, म्हणजे तेव्हाच्या रशियन साम्राज्यातून आलेले निर्वासित होते. १९०५ची क्रांती चिरडली गेल्यावर झारच्या पोलिसांपासून पळालेले, काही क्रांतिकारक, काही नुसते दरोडेखोर, काही दोन्ही. दोनच वर्षांपूर्वी, जानेवारी १९०९ मध्ये, टॉटनहॅमला अशाच दोघा लॅटव्हियनांनी पगाराची रक्कम लुटून पळताना एक पोलीस आणि एक दहा वर्षांचा मुलगा मारला होता. त्यामुळे परकीयांविषयीची चीड आधीच पेटलेली होती. स्टेपनी आणि व्हाइटचॅपलमध्ये रशियातून आलेल्या हजारो ज्यू कुटुंबांची वस्ती होती. शिवणकाम, चपला, टोप्या यांवर पोट भरणारी ही माणसे टोळीच्या पापाची धनी ठरत होती. परकीयांना देशात घेण्यावर पहिले मोठे बंधन घालणारा १९०५चा एलियन्स कायदा बाल्फोर पंतप्रधान असताना झाला होता. चर्चिल तेव्हा नुकतेच हुजूर पक्ष सोडून उदारमतवाद्यांत गेले होते आणि अशा कायद्याला त्यांनी विरोध केला होता. फेब्रुवारी १९११च्या त्या टोल्यामागे हा जुना हिशेबही होता.

इथे मराठी वाचकाला एक नाव आठवल्याशिवाय राहणार नाही. चर्चिल गृहमंत्री झाले फेब्रुवारी १९१० मध्ये. पुढच्याच महिन्यात, १३ मार्चला, लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर विनायक दामोदर सावरकरांना अटक झाली. फरारी गुन्हेगारांच्या १८८१च्या कायद्याखाली त्यांना हिंदुस्थानात पाठवण्याचा निर्णय झाला, १ जुलैला ‘मोरिया’ बोट निघाली, ८ जुलैला मार्सेय बंदरातली उडी झाली. फ्रान्सच्या भूमीवर पोहोचलेल्या माणसाला परत घेता येते का, हा वाद हेगच्या लवादाकडे गेला. सिडने स्ट्रीटवर गोळ्या चालल्या तेव्हा सावरकरांना मुंबईत काळ्या पाण्याची पहिली शिक्षा नुकतीच सुनावली गेली होती आणि हेगचा निकाल यायचा होता; तो २४ फेब्रुवारी १९११ला इंग्लंडच्या बाजूने लागला. दोन्ही प्रकरणांची जात वेगळी आहे, त्यांना एका तराजूत घालणे चूक ठरेल. पण लंडनने परदेशच्या राजकीय निर्वासिताला किती आसरा द्यायचा, हा प्रश्न त्या वर्षी चर्चिल यांच्या गृहखात्यापुढे एकाहून अधिक दिशांनी येत होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

हाउंड्सडिचच्या तपासात शहर पोलिसांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. फ्रिट्झ स्वार्स आणि ‘पीटर द पेंटर’ म्हणून ओळखला जाणारा माणूस यांची वर्णने भिंतींवर झळकली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी खबर मिळाली: स्वार्स आणि योसेफ सोकोलॉफ हे दोघे सिडने स्ट्रीटवरच्या १०० क्रमांकाच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर एका बाईच्या खोलीत लपले आहेत. २ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर सुमारे २०० पोलिसांनी तो भाग वेढला. घरातल्या आणि शेजारच्या बिऱ्हाडांना गुपचूप बाहेर काढले. जिना अरुंद होता. वरून एक पिस्तूल रोखले तर खालून येणारा प्रत्येक माणूस त्याच्या तोंडी होता. म्हणून उजाडेपर्यंत थांबायचे ठरले.

सकाळी साडेसातच्या सुमारास घरातल्यांना जागे करण्याचा प्रयत्न झाला आणि वरून गोळ्या आल्या. डिटेक्टिव्ह सार्जंट बेन लीसन छातीत गोळी लागून पडले. ते वाचले आणि पुढे त्यांनी आठवणीही लिहिल्या. काही मिनिटांतच पोलिसांना आपली अवस्था कळून चुकली. त्यांच्याजवळ होती जुनी रिव्हॉल्व्हरे, काही शॉटगन आणि हलक्या बोराच्या, सरावाला वापरतात तशा रायफली. वर माउझर पिस्तुले होती, लांब पल्ल्याची आणि भराभर चालणारी, आणि दारूगोळा भरपूर. ही लढत तशीच चालली असती तर पोलिसांचेच आणखी बळी गेले असते. लंडन पोलीस दलाचे सहायक आयुक्त मेजर वुडहाउस यांनी टॉवर ऑफ लंडनमधल्या स्कॉट्स गार्ड्सची मदत मागितली आणि त्यासाठी गृहखात्याची परवानगी मागवली.

चर्चिल यांनी लिहून ठेवले आहे की, दहाच्या सुमारास ते अंघोळ करत होते, तेव्हा दारावर घाईघाईने थाप पडली. ओल्या अंगाने बाहेर येऊन त्यांनी टेलिफोन घेतला आणि सैनिक वापरायला लगेच मंजुरी दिली. सैनिकही दहा-साडेदहाच्या सुमारासच सिडने स्ट्रीटवर पोहोचले, तेव्हा वीस वर्षांनंतरच्या आठवणीतल्या घड्याळावर फार भार टाकू नये. एवढे पक्के की मंजुरी गृहमंत्र्यांची होती, ती तातडीने दिली गेली आणि ती योग्य होती. सशस्त्र वेढ्यासाठी लंडनच्या पोलिसांनी लष्कर मागवल्याची ही पहिलीच वेळ. सुमारे वीस सैनिक आले. काही ओल्या रस्त्यावर फळ्या टाकून पालथे झाले, काही बाजूच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर चढले, आणि रायफलींनी ती खोली भेदायला सुरुवात केली.

इथपर्यंत गृहमंत्र्याने जे करायचे ते झाले होते. चर्चिल गृहखात्यात गेले, आणखी माहिती मागवली, ती पुरेशी आली नाही, आणि मग आपले सचिव एडी मार्श यांना घेऊन ते मोटारीने निघाले. दुपारी बाराला थोडा अवकाश असताना ते तिथे उतरले. गर्दी हजारोंची होती. बातमीदार आसपासच्या गच्च्यांवर जागा धरून होते, चलच्चित्र कंपन्यांची यंत्रे लागली होती. गर्दीतून आवाज आला: यांना आत कोणी घेतले? हा सवाल पिस्तुलवाल्यांविषयी होता आणि मंत्र्याला उद्देशून होता.

वादाचा पहिला भाग आता सुरू होतो. ‘द टाइम्स’मधल्या खुलाशात चर्चिल यांनी ठामपणे म्हटले आहे की, पोलिसांच्या व्यवस्थेत आपण कसलीही ढवळाढवळ केली नाही, त्यांचा एकही निर्णय फिरवला नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत पोलिसांना पूर्ण मोकळीक होती. तोफा आणि इंजिनियर तुकडी आपण बोलावली नाही, त्याबद्दल आपल्याला विचारलेही गेले नाही. तोफांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे मान्य करायला हवे. सेंट जॉन्स वुडच्या छावणीतून तोफा आल्या त्या सगळे संपत आले तेव्हा, आणि त्यांचा उपयोग झाला नाही. ‘चर्चिल यांनी दोन माणसांवर तोफा आणल्या’ हा आरोप तेव्हा फार झाला. तो त्यांच्यावर टिकत नाही.

ढवळाढवळ केली नाही, हे विधान मात्र त्यांच्याच १९३२च्या लेखापुढे डळमळते. तिथे ते लिहितात की, घरावर चढाई कशी करायची याचा विचार चालू असताना आपल्या मनात पोलादी पत्र्याच्या आडोशाने सरळ जिन्यावरून वर जाण्याची कल्पना आली आणि त्या मापाच्या पत्र्यासाठी आसपासच्या ओतशाळांत शोधही सुरू झाला. घराच्या मागच्या बाजूने कोणी निसटू शकेल का, हेही त्यांनी फिरून पाहिले. आता विचार करा. गृहमंत्री पोलिसांच्या घोळक्यात उभे राहून म्हणतात की पोलादी ढाल हवी, आणि माणसे ती शोधायला धावतात. ही सूचना होती की हुकूम? चर्चिल यांच्या मनात ती सूचना असेल. ज्या इन्स्पेक्टरच्या कानावर ती पडली, त्याच्या मनात ती काय असणार?

त्या वेळची पोलीस व्यवस्था पाहिली म्हणजे हे जास्त स्पष्ट होते. लंडन पोलीस दल थेट गृहमंत्र्यांच्या अखत्यारीत होते. मधे कुठली नगरपालिका किंवा समिती नव्हती. सिडने स्ट्रीट त्यांच्या हद्दीत. पण तीन पोलीस मारले गेले ते शहर पोलिसांचे, आणि हे दल लंडनच्या शहर महामंडळाचे होते. स्कॉट्स गार्ड्स लष्कराचे. अग्निशामक दल लंडन काउंटी कौन्सिलचे. त्या रस्त्यावर चार गणवेश होते आणि त्यांतला एकच चर्चिल यांच्या हाताखालचा होता. तरीही तिथे पाऊल ठेवताच ते चौघांपेक्षा उंच झाले. ही उंची त्यांना कोणत्या कायद्याने दिली नव्हती. मंत्रिपदाच्या नुसत्या हजेरीने ती आपोआप आली, आणि गोळीबाराच्या धामधुमीत ‘तुमचा अधिकार कुठला’ असे मंत्र्याला विचारायला कोणीही धजावले नसते.

एकच्या थोडे आधी घराच्या वरच्या भागातून धूर येऊ लागला. बारा ते साडेबारा गोळीबार सगळ्यात तुफान झाला होता. आग वरून खाली पसरत गेली. दोघांपैकी सोकोलॉफने खिडकीतून डोके बाहेर काढले आणि एका सैनिकाची गोळी त्याला लागली. बंब आले, आणि विझवायला पुढे सरसावले. पोलिसांनी त्यांना अडवले.

यापुढे तीन दस्तऐवज समोरासमोर ठेवून वाचावे लागतात.

अ‍ॅस्क्विथ यांना त्याच दिवशी लिहिलेल्या पत्रात चर्चिल सांगतात की, त्या क्रूर बदमाशांना वाचवण्यासाठी चांगले ब्रिटिश जीव खर्ची घालण्यापेक्षा घर जळू देणे बरे, असे मला वाटले. निर्णय प्रथम पुरुषी एकवचनात आहे. पोलिसांचा उल्लेख त्या वाक्यात नाही. विचार कोणाचा, तर माझा.

कॉरोनरपुढे, शपथेवर, चित्र बदलते. अग्निशामक दलाचा एक कनिष्ठ अधिकारी आपल्याकडे आला, असे ते सांगतात. सध्या आग विझवायची नाही अशी समज मिळाली आहे, ती बरोबर आहे का, असे त्याने विचारले. आपण म्हणालो, अगदी बरोबर, पूर्ण जबाबदारी माझी. आणि पुढे ते मुद्दाम स्पष्ट करतात की, आपले हे शब्द फक्त त्या विचारलेल्या प्रश्नापुरते होते. पोलिसांनी जे ठरवले त्याला आपण दुजोरा आणि पाठिंबा दिला. म्हणजे निर्णय पोलिसांचा, शिक्का माझा. त्या टप्प्यात बंबवाले गेले असते तर त्यांचे जीव किंवा हातपाय गेले असते, हेही त्यांनी सांगितले.

१९३२च्या लेखात तिसरे चित्र आहे. बंबांचे अधिकारी आणि पोलीस अधिकारी यांच्यात वाद जुंपला होता, एका क्षणी तो बराच तापला. आग लागली की विझवणे हे आमचे कर्तव्य, असा अग्निशामकांचा हट्ट. गोळ्यांच्या तोंडी आम्ही जाऊ देणार नाही, असा पोलिसांचा. मग चर्चिल मधे पडले आणि गृहमंत्री या नात्याने आपल्या अधिकारात त्यांनी सांगितले की घर जळू द्यायचे, बंबांनी आग शेजारी पसरू नये म्हणून सज्ज राहायचे.

तीन कथनांतून एका माणसाच्या तीन भूमिका निघतात: ठरवणारा, दुजोरा देणारा, भांडण तोडणारा. यांतले खरे कोणते? इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे सवयीने सर्वांत जवळचा दस्तऐवज धरावा, म्हणजे अ‍ॅस्क्विथ यांना लिहिलेले पत्र. पण ते पत्र आपल्या प्रमुखाला लिहिलेले आहे, नुकत्याच अनुभवलेल्या थराराच्या भरात, आणि त्यात स्वतःचा ठसा थोडा ठळक उमटण्याचा संभव आहे. साक्ष शपथेवरची असली तरी ती दिली तेव्हा वर्तमानपत्रांतून आणि विरोधकांकडून ‘मंत्र्याने हुकूम सोडले’ असा गिल्ला झालेला होता. साक्षीदाराला आपली भूमिका लहान करून सांगण्याची गरज होती. १९३२ साली चर्चिल सत्तेबाहेर होते, त्या प्रसंगावरून आता कोणी राजीनामा मागणार नव्हते, आणि ते लिहीत होते वाचकांसाठी. तिथे वाद रंगवण्याचा मोह असू शकतो, लपवण्याचे कारण मात्र उरलेले नाही.

मला ठरवताना एक गोष्ट निर्णायक वाटते. पत्र आणि लेख यांच्यात एकवीस वर्षांचे अंतर आहे, दोन्ही लिहिण्याची कारणे वेगळी आहेत, आणि तरीही मुख्य मुद्द्यावर दोन्ही एक आहेत: शेवटचा शब्द माझा होता. यांच्याविरुद्ध उभी आहे ती फक्त साक्ष, आणि तिच्यातही ‘पूर्ण जबाबदारी माझी’ हे वाक्य आहेच. आग जळू दिली ती पोलिसांनी. पहिला अडथळा त्यांचा. पण अग्निशामक अधिकारी त्यावर थांबला नव्हता. तो वर विचारायला आला. त्याअर्थी पोलिसांचा नकार त्याने अंतिम मानला नव्हता. मंत्र्यांनी होकार दिल्यावर त्याला दाद मागायला जागा उरली नाही. साक्षीतला ‘दुजोरा’ हा शब्द म्हणून अपुरा आहे. आणि लेखातला ‘अधिकार’ हा शब्द तर चुकीचाच आहे, कारण अग्निशामक दल गृहखात्याचे नव्हते. काउंटी कौन्सिलच्या अधिकाऱ्याला त्याच्या कायदेशीर कर्तव्यापासून थांबवण्याची सत्ता गृहमंत्र्याकडे असल्याचे चर्चिल यांनी गृहीत धरले आणि त्या अधिकाऱ्यानेही मान्य केले.

एवढ्यावरून निर्णय चूक होता असे म्हणता येत नाही. त्या क्षणी आतून गोळ्या येत होत्या. पाण्याची नळी घेऊन पुढे जाणाऱ्या माणसाला आडोसा नव्हता. मी तिथल्या कुठल्याही जबाबदार अधिकाऱ्याच्या जागी असतो तर माणसे पुढे पाठवली नसती. पण अ‍ॅस्क्विथ यांना लिहिलेल्या पत्रातल्या त्या तुलनेत, एका बाजूला चांगले ब्रिटिश जीव आणि दुसऱ्या बाजूला बदमाश, जो तोल आहे तो मला अस्वस्थ करतो. आत असलेले दोघे खुनाचे संशयित होते, दोषी ठरलेले नव्हते. त्यांना जिवंत पकडण्याची शक्यता किती उरली होती, हा विचार त्या वाक्यात डोकावत नाही. फौजदारी न्यायाची सगळी यंत्रणा ज्याच्या हाताखाली, त्या मंत्र्याच्या लेखणीतून तो डोकावायला हवा होता.

आणि ज्यांचे जीव वाचवण्यासाठी आग जळू दिली, त्या दलाचाच माणूस शेवटी गेला. अडीचच्या सुमारास आतले आवाज थांबले, छत कोसळले होते, मग अग्निशामक आत शिरले. भिंतीचा भाग त्यांच्यावर ढासळला. चार्ल्स पीअरसन या अधिकाऱ्याचा कणा मोडला. सहा महिन्यांनी ते वारले. आणखी काही जण जखमी झाले. दोन प्रेते ढिगाऱ्यातून काढली: सोकोलॉफ गोळीने मेला होता, स्वार्स धुराने गुदमरून. पीटर द पेंटर त्या घरात नव्हताच आणि तो पुढेही सापडला नाही. आग आधी विझवली असती तर भिंती उभ्या राहिल्या असत्या का, हे कोणालाच सांगता येणार नाही. तरी पीअरसन यांचा मृत्यू या वादाच्या हिशेबात धरलाच पाहिजे. बाल्फोर यांच्या त्या गाजलेल्या प्रश्नाने मंत्री आणि छायाचित्रकार एवढे दोघेच लोकांच्या ध्यानात ठेवले. पीअरसन यांच्या नावाची पाटी त्या जागी लागली ती शंभर वर्षांनी, जानेवारी २०११ मध्ये.

पुढचे थोडक्यात. चलच्चित्रे गावोगावच्या थिएटरांत झळकली आणि पडद्यावर चर्चिल दिसताच गॅलरीतून हुर्यो उडू लागली. मे १९११ मध्ये हाउंड्सडिच प्रकरणाचा खटला चालला. पकडलेल्यांपैकी एकीलाच शिक्षा झाली आणि तीही अपिलात रद्द झाली. सुटलेल्यांतला याकोव पीटर्स पुढे रशियात चेका या गुप्त पोलीस संघटनेचा उपप्रमुख झाला आणि १९३८ मध्ये स्टालिनच्या राजवटीत मारला गेला. लंडन पोलिसांची जुनी रिव्हॉल्व्हरे १९११ मध्येच बदलून वेब्ली अँड स्कॉटची स्वयंचलित पिस्तुले आली. चर्चिल यांनी परकीयांवर कडक बंधने घालणारे विधेयक तयार केले. जे सहा-सात वर्षांपूर्वी अशा कायद्याच्या विरोधात उभे होते, त्यांनीच हे करावे याचे त्यांच्याच बाजूच्या जोसिया वेजवुड या खासदाराला फार वाईट वाटले. माणसांचे प्राण जाण्यापेक्षा इंग्रजी परंपरेशी द्रोह होणे जास्त गंभीर आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी चर्चिल यांना लिहिले. विधेयक कायदा झाले नाही. ऑक्टोबर १९११ मध्ये चर्चिल नौदलखात्यात गेले.

चर्चिल तिथे का गेले, याचे उत्तर त्यांनी १९३२च्या लेखात मोकळेपणाने दिले आहे. कर्तव्याच्या जाणिवेला जबर कुतूहलाची जोड होती, आणि ते कुतूहल आवरले असते तर बरे झाले असते, असे ते लिहितात. त्यापुढची कबुली माझ्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. तिथे हुकूम देणे आपले काम नव्हते, पण आपले पद सगळ्यांच्या वर असल्यामुळे जबाबदारी आपोआप आपल्याकडे ओढली जात होती. कार्यालयात शांत बसलो असतो तर बरे, हे तिथे उभे असतानाच कळले. पण सगळे अधांतरी असताना मोटारीत बसून निघून जाणेही शक्य नव्हते, आणि प्रकार विलक्षण रोचकही होता. ‘द टाइम्स’मधल्या ठाम नकाराचे खंडन यापेक्षा स्पष्ट शब्दांत दुसऱ्या कोणी केलेले मी वाचलेले नाही. पोलिसांना पूर्ण मोकळीक होती असे १९११चे चर्चिल म्हणतात. मंत्री समोर उभा असताना ती मोकळीक पूर्ण राहूच शकत नव्हती, हे १९३२चे चर्चिल जाणतात. घर जळू द्या, असे प्रथम पोलीस म्हणाले. ते अंतिम केले चर्चिल यांनी, आणि ज्या दलाला त्यांनी थांबवले त्यावर त्यांची सत्ता नव्हती.